फक्त आईचा फोन वाजेल

सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून भांडण, ऑफिसच्या ग्रुपवर 'ओके सर'ची रांग. डोकं उठलं माझं! सगळ्या मेसेजचा आवाज बंद केला. ते रात्री जेवण झाल्यावर निवांत बघायचे, दिवसभरात वाजेल तर फक्त बोरिवलीहून आईचा फोन, असं ठरवून टाकलं.

मग अंधेरीच्या ऑफिसात मला चैन पडेना. फोन बिघडला तर नाही ना, म्हणून सारखा उचलून बघत होतो. शेवटी वैतागून मीच आईला फोन लावला.

"काय गं, आज एकदाही फोन नाही?"

"तू कामात असशील, म्हणून सकाळीच मेसेज टाकला रे."

मेसेज उघडला. 'सवड झाली की फोन कर. घाई नाही.' त्याखाली दुपारचा दुसरा होता. 'बरा आहेस ना?'