पंधरावा चौकोन

व्हर्डेल टिस्डेल निवृत्त झाली त्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं की, अठ्ठावीस वर्षांत ही बाई एकदाही माणसं मोजायला चुकली नाही. टाळ्या झाल्या. व्हर्डेलने हातातली केकची बशी खाली ठेवली, कोट उचलला आणि सरळ घरी निघून गेली. नव्या पोरी म्हणाल्या, म्हातारीला भरून आलं असेल. भरून कसलं डोंबलाचं! मी एकोणीस वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर फायली लावल्या आहेत. ती का उठून गेली ते मला माहीत आहे.

आमचा आयोग म्हणजे सरकारी खातं. नोकरीत कुणाला कातडीच्या रंगावरून, बाई आहे म्हणून, वय झालं म्हणून डावललं तर त्याने आमच्याकडे यायचं. वर वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले पाच आयुक्त. त्यांच्या जोडीला एक मुख्य वकील, कोणत्या मालकाला कोर्टात खेचायचं हे बघणारा. आणि मग उतरत उतरत पार तळाला, अलाबामातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, आम्ही. तक्रार लिहून घ्यायची, मालकाला कळवायचं, त्याच्या वह्या मागवायच्या, नाही दिल्या तर समन्स काढायचं. व्हर्डेल १९६९ साली लागली तेव्हा कोर्टात जायचा अधिकारसुद्धा नव्हता. मालकाच्या दारात जाऊन त्याची समजूत घालायची, बस्स. काही मालक तिला, काळी बाई म्हणून, मागच्या दाराने ये म्हणायचे. सरकारी ओळखपत्र दाखवलं तरी मागच्याच दाराने!

१९७२ साली कायदा बदलला. खटला भरता येऊ लागला. आणि आधी पंचवीस माणसं असलेल्या धंद्यालाच तो लागू होता, ती अट पंधरांवर आली. पण पंधरा म्हणजे पंधरा. वर्षातले निदान वीस आठवडे पंधरा माणसं कामावर हवीत. चौदा भरली तर मालकाने तुमच्या तोंडावर थुंकलं तरी आम्ही नुसतं वाईट वाटून घ्यायचं.

म्हणून तर व्हर्डेलची पद्धत आख्ख्या ऑफिसात नावाजलेली. बाकीचे विचारायचे, "तुमच्याकडे माणसं किती?" समोरचा तक्रारदार बिचारा घाबरलेला, कायतरी आकडा सांगायचा आणि तिथेच मेला. व्हर्डेल तसं विचारायची नाही. ती कागदावर पेन्सिलने चौकोन काढायची आणि म्हणायची, "सकाळी कुलूप कोण उघडतं? मग पहिलं यंत्र कोण सुरू करतं? खरकटं कोण उचलतं?" माणसांपासून नाही, कामांपासून सुरुवात. प्रत्येक कामाला एक चौकोन, चौकोनात नाव. लोक स्वतःच्या शेजारी उभं राहणारं माणूस विसरतात हो! पण तुंबलेली मोरी कोण काढतं ते विसरत नाहीत.

१९८७ च्या मार्चमध्ये ओझेला क्रेनशॉ आली. एकोणचाळीस वर्षांची, उंच, हातमोजे घातलेली. खुर्चीत बसल्यावरही तिने मोजे काढले नाहीत. तासाभराच्या अंतरावरच्या गावात ग्रिम्सली नावाच्या माणसाची लॉन्ड्री होती, इस्पितळांच्या चादरी धुणारी. घाण चादरी निवडायच्या खोलीत चार बायका, चौघी काळ्या. घड्या घालायला आणि पुढच्या काउंटरवर सगळ्या गोऱ्या. ओझेलाने घाणीच्या खोलीत अकरा वर्षं काढली. चादरींत रक्त, विष्ठा, कधी इंजेक्शनच्या सुया. काउंटरची जागा रिकामी झाली तेव्हा तिने मागितली. ग्रिम्सली हसला म्हणे. "ओझेला, गिऱ्हाईक नाक धरून पळेल की गं!" ती जागा एकोणीस वर्षांच्या एका गोऱ्या पोरीला दिली आणि तिला काम शिकवायला ओझेलालाच सांगितलं. ओझेला म्हणाली, जे मी शिकवू शकते ते मी करू का शकत नाही? शुक्रवारी, तेरा फेब्रुवारीला, तिला काढून टाकलं.

"मला ते काउंटर पाहिजे," ती व्हर्डेलला म्हणाली. "भरपाई वगैरे नंतर बघू. मला त्या काउंटरमागे उभं राहायचंय, स्वच्छ ब्लाउज घालून, आणि त्याला मला 'गुड मॉर्निंग' म्हणावं लागलं पाहिजे."

"माणसं मोजू या," व्हर्डेल म्हणाली.

बॉयलरवाला एक. गाड्या चालवणारे दोन. घाणीच्या खोलीत ओझेला धरून चार. इस्त्रीच्या रुळांवर तीन, घड्यांना तीन, काउंटरवर एक. मालक धरायचा नाही. चौदा. मी फायली लावायचं सोडून कान देऊन ऐकत होते. ओझेलाने डोळे मिटले.

व्हर्डेलने पेन्सिल खाली ठेवली नाही. "इस्पितळाच्या चादरी फार फाटतात," ती म्हणाली. "शिवतं कोण?"

"त्या होय! मिस ल्युटी. पण त्या काय कामावर नाहीत. मागच्या दाराजवळ मशीन घेऊन बसतात."

"रोज?"

"एकोणीस वर्षं झाली. रोख मिळतात त्यांना, वहीत नाव नाही. त्यांना कुणी धरतच नाही."

"आपण धरू," असं म्हणून व्हर्डेलने पंधरावा चौकोन काढला आणि त्यात नाव लिहिलं, ल्युटी बायनम. ओझेलाने त्या दिवशी पहिल्यांदा मोजे काढले. तिच्या बोटांवर सुयांचे बारीक काळे ठिपके होते. जाताना ती माझ्याकडे बघूनसुद्धा हसली.

सोमवारी ती परत आली. मोजे घातलेले. उभ्या उभ्याच म्हणाली, "मिस टिस्डेल, माझं मोजायला चुकलं. चौदाच आहेत."

"शुक्रवारी पंधरा होते."

"शुक्रवारी मी विचार केला नव्हता. मिस ल्युटी सदुसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांना साखर आहे. सरकारचा चेक येतो आणि त्या चेकमुळे औषधांचं कार्ड मिळतं. एकोणीस वर्षं रोख कमावलेत असं त्यांनी शपथेवर सांगितलं की चेक गेला, कार्ड गेलं. मग इन्सुलिन काय मी देऊ? माझ्याकडेच काही नाही."

व्हर्डेल खोटं बोलणारी नव्हती. 'दुसऱ्या खात्याला कळणार नाही' असं ती म्हणू शकली असती, पण म्हणाली नाही. "त्यांना विचारलंत?" एवढंच तिने विचारलं.

"विचारायचं काय त्यात? माझी तिन्ही पोरं त्यांनी सांभाळली आहेत. त्या हो म्हणतील. म्हणूनच नाही विचारलं."

"मी त्यांच्याशी बोलून बघू?"

"तुम्ही त्यांच्या दारात पाऊल टाकलंत तर मी तक्रारच मागे घेते. पुसा ते नाव."

बाई रडली असती तर बरं वाटलं असतं. ती रडली नाही. पर्स पोटाशी धरून जिन्याने खाली गेली. मी व्हर्डेलला म्हटलं, "अगं, जा तू त्या म्हातारीकडे! तुला अधिकार आहे. साक्षीदाराला भेटायला कुणाची परवानगी लागत नाही."

"अधिकार आहे गं ग्लिनिस," ती म्हणाली. "त्या अधिकाराने मी एका आजारी बाईच्या घरी जाऊन तिचं औषध काढून घेऊ?"

"आणि ओझेलाचं काय?"

"गप्प बस जरा!" ती माझ्यावर असं कधी खेकसली नव्हती.

दोन महिने ती फाईल तिच्या टेबलावर पडून राहिली. तिने ग्रिम्सलीची पगाराची वही मागवली, चौदा नावं आली. मागच्या वर्षीची मागवली, चौदाच. कुणी तात्पुरता लागला होता का, कुणी बदली होतं का, सगळं धुंडाळलं. मे महिन्यात एका सकाळी मी पाहिलं, ती खोडरबर घेऊन बसली होती. मग फाईल बंद करायचं पत्र टाईप झालं. त्या पत्रावर कारणांची यादी छापलेलीच असते, त्यातल्या एकापुढे खूण करायची. तिने खूण केली, 'मालकाकडे कायद्याला लागणारी माणसं नाहीत.' तुम्हाला हवं तर नव्वद दिवसांत स्वतः कोर्टात जा, हेही त्यात छापलेलं असतं. चौदा माणसांच्या मालकाविरुद्ध कोणता वकील उभा राहणार होता!

त्या पत्राची एक प्रत मालकाला जाते. नियमच आहे. पाकिटात घालून त्यावर तिकीट मीच चिकटवलं. माझ्या डोक्यात काही आलं नाही. व्हर्डेलच्या तरी आलं का? नाही आलं. इतक्या वर्षांत अशी शेकडो पत्रं गेली होती.

ग्रिम्सली मूर्ख नव्हता. लागणारी माणसं नाहीत म्हणजे किती लागतात, हे त्याने कुणाला तरी फोन करून विचारलं असणार. मग त्याने आपली लॉन्ड्री डोळ्यांसमोर आणली आणि माणसं मोजली. मागच्या दारापाशी येऊन तो थांबला. म्हणजे त्या गावात मिस ल्युटीला पहिल्यांदा मोजलं ते ग्रिम्सलीनेच! पाच जूनला त्याने त्यांना सांगितलं, "सोमवारपासून येऊ नका." चादरी शिवायला तो गाडीने शेजारच्या गावी पाठवू लागला.

हे आम्हाला डिसेंबरात कळलं. अठरा तारीख होती, ऑफिसात नाताळचं झाड लावत होतो. जिन्यावर काठीचा आवाज आला आणि एक बारकी म्हातारी दारात उभी राहिली. डोक्यावर चर्चला जायची टोपी, हातात शिवणाचा पत्र्याचा डबा. "मिस टिस्डेल कोण?" त्यांनी विचारलं. "मी ल्युटी बायनम. मलाही मोजून घ्या."

व्हर्डेलने त्यांना खुर्ची दिली. 

ओझेला क्लीव्हलंडला भावाकडे निघून गेली होती. मोटेलच्या खोल्या झाडत होती. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिने मिस ल्युटींना फोन केला, बोलता बोलता तिला हुंदका आवरेना आणि पंधराव्या चौकोनाचं सगळं बाहेर पडलं. तोपर्यंत मिस ल्युटीला माहीतच नव्हतं. त्यांना वाटलं होतं, डोळे अधू झाले म्हणून ग्रिम्सलीने काढलं.

"मग लगेच यायचं नाही का हो!" मी मध्येच बोलून गेले.

"गाडी नाही मला. चर्चमधलं कुणीतरी इकडे येईपर्यंत थांबले," त्या म्हणाल्या. "आता लिहून घ्या. मी रोज जात होते. आठ ते तीन. ओझेला परत आली पाहिजे, त्या काउंटरवर उभी राहिली पाहिजे."

व्हर्डेलने कॅलेंडरवर दिवस मोजले. मग तिने सांगितलं. ओझेलाचे नव्वद दिवस ऑगस्टातच संपले. आणि मिस ल्युटींना स्वतःची तक्रार करायची असती, तर आमच्या राज्यात एकशेऐंशी दिवस मिळतात. ते दोन डिसेंबरला संपले.

"सोळा दिवसांपूर्वी," मिस ल्युटी म्हणाल्या.

"हो, मॅम."

"आणि मार्चमध्ये मी आले असते तर?"

"तर पंधरा झाले असते. मी त्याच्यावर समन्स काढलं असतं. पुढे काय झालं असतं ते सांगता येत नाही. पण तुमचं कार्ड गेलं असतं."

"ते माझं कार्ड होतं," मिस ल्युटी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "गेलं असतं तर माझं गेलं असतं. त्या पोरीची लेकरं मी अंगाखांद्यावर वाढवलीत, तिच्यासाठी काय घालवायचं ते मी ठरवलं असतं. ग्रिम्सलीने एकोणीस वर्षं मला धरलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही, तो तसलाच. पण तुम्ही आणि ओझेला, दोघींनीही नाही धरलं. माझ्या भल्यासाठी! एकीने तरी दार वाजवायचं होतं."

   मला त्या क्षणी व्हर्डेलचा भयंकर राग आला होता, आणि ओझेलाचा, आणि तिकीट चिकटवणाऱ्या माझाही.

"तो कागद आहे का?" मिस ल्युटींनी विचारलं.

मी मागच्या खोलीतून फाईल आणून दिली. चौदा चौकोन, चौदा नावं, आणि खाली कागद घासून पातळ झालेली एक जागा. मिस ल्युटींनी चष्मा पुसला, वाकल्या आणि त्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे होते मी?"

"हो, मॅम."

"लिहा."

"मिस ल्युटी, आता काही होणार नाही याने."

"ते कळलं मला. लिहा."

व्हर्डेलने पेन्सिल घेतली. मिस ल्युटींनी नको म्हणून मान हलवली. मग तिने ती ठेवून पेन उचललं, चौकोन काढला आणि त्यात पूर्ण नाव लिहिलं. शाई त्या घासलेल्या जागेत थोडी पसरली.

मिस ल्युटींनी कागद डोळ्यांजवळ नेला, आणि एकेका चौकोनावर बोट ठेवत, ओठ हलवत, त्या पहिल्यापासून मोजत गेल्या. आम्ही दोघी उभ्याच होतो. शेवटच्या चौकोनाशी पोचल्यावर त्यांनी आकडा मोठ्याने म्हटला. मग कागद परत दिला, शिवणाचा डबा उचलला आणि विचारलं की खाली जायला लिफ्ट आहे का.