बांगड्यांसाठी ठेवलेली जागा

मंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या बाजारात वाल घेत होतो. "किती देऊ, सर?" असं वालवाली विचारत होती, आणि मी रिकामी पिशवी घेऊन गाडीकडे निघालो. पुढे शोकसभा झाली. फलकावर ताईंचा फोटो लहान आणि आयोजकांचे मोठे होते. वक्त्यांनी त्यांना देवदूत केलं, दीपस्तंभ केलं, एकाने वटवृक्षही केलं. ताई स्प्लिंट बनवायच्या, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं.

स्प्लिंट म्हणजे दुखावलेला अवयव योग्य ठेवणीत धरून ठेवणारा आधार. गरम पाण्यात प्लास्टिकचा पत्रा भाकरीच्या उकडीसारखा मऊ व्हायचा. मग ताई तो हातावर बसवून गार होईपर्यंत बोटांनी दाबत राहायच्या. शहरातल्या रुग्णालयातली नोकरी सोडून त्यांनी शहापूरला या कामासाठी एक खोली घेतली होती. माझ्याकडे शाळेतून निवृत्त झाल्यानंतरचा वेळ होता आणि गाडी होती. मैत्रीला एवढं पुरलं.

डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरची यमुना त्यांच्याकडे आली ती भाजलेला हात घेऊन. उकडीचं पातेलं तळव्यावर कलंडलं होतं. जखम भरली, पण कातडी आकसून बोटं आत ओढू लागली. रोज रात्री स्प्लिंट बांधली नाही तर मूठ कायमची मिटणार होती. भाकरी नाही, भाताची लावणी नाही. ताईंनी स्प्लिंट दिली, यमुनेने मान डोलावली आणि पुन्हा आलीच नाही.

मग आम्हीच पाड्यावर गेलो. अंगणात कोंबड्या त्या स्प्लिंटमधून दाणे टिपत होत्या.

"चला, कुणाला तरी बसली," ताई म्हणाल्या.

यमुनेने कोंबड्या हुसकावल्या. सासू पुढे आली. "बांगड्या काढल्याबिगर ती बसत नाय. आन् बांगड्या काढायच्या नाय. माझा पोरगा जिता हाय!"

"असू दे की, आजी. पाणी तापत ठेवा."

"च्याला?"

"प्लास्टिकला. उरलं तर च्याला."

ताईंनी नवा पत्रा बसवला आणि मनगटाशी अंगठ्याने वर रेटून त्याची कमान केली. बांगड्या तिच्याखाली मोकळ्या राहिल्या. "हलवून बघा, आजी. वाजतात ना?"

"वाजतात गो!" म्हातारी खूश. "आता मी सोता बांधीन रातच्याला. कशी सोडते ती बघते!"

परतताना शास्त्राने रूढीपुढे मान तुकवावी का, यावर मी गाडीत छोटंसं व्याख्यान दिलं. ताईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "सर, मला हात उघडायचाय. डोकी तुम्ही उघडा, तुमचा विषय आहे."

परवा बातमी सांगायला पाड्यावर गेलो. यमुना भाकरी थापत होती, दोन्ही तळवे सपाट उघडे. ऐकलं आणि पीठ तसंच हातात धरून बसून राहिली... स्प्लिंटचं काम केव्हाच संपलंय, पण ती चुलीपासून लांब, दाराजवळच्या खुंटीला टांगलेली आहे. कमानीवर अंगठा दाबल्याची खूण स्पष्ट दिसते. नीट बघावी म्हणून मी ती काढून उजेडाकडे निघालो, तर म्हातारी ओरडली,

"उन्हात नको नेऊ रे, सर! मऊ होईल. ताईचा अंगठा हाय त्याच्यात, तो जाईल!"

मी सावलीतच उभा राहून पाहिली.