शेवटची उघडलेली खिडकी

बोईसरच्या कारखान्यांत येणाऱ्या कंत्राटी कामगारांचे गेटपास आमच्या सॉफ्टवेअरवर निघतात. ते नीट चालतं का हे बघणारी स्क्रिप्ट, म्हणजे माणसाऐवजी आपोआप बटणं दाबणारा प्रोग्राम, मी लिहिली होती. लॉगिनला दर वेळी माझ्या फोनवर ओटीपी यायचा. त्या कटकटीला कंटाळून मी सकाळीच चाचणीची साइट, म्हणजे खऱ्या साइटची नक्कल, उघडून ठेवायचो आणि स्क्रिप्ट त्याच ब्राउझरला जोडायचो. कोणती खिडकी धरायची? तर शेवटी उघडलेली. एवढंच लिहिलं होतं.

हाताखाली बेटेगावची एक मुलगी होती. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, खऱ्या साइटचं आन चाचणीचं नाव एकच हाय. शेवटची ती चाचणीचीच, ह्याचा काय भरोसा?"

"स्क्रिप्टला साइटचा पत्ता तपासायला लावू. नंतर."

"तुमचं नंतर म्हंजे पुढच्या जन्मी!"

दोघंही हसलो.

एका दुपारी कुणाची तक्रार पाहायला मी खरी साइट नव्या खिडकीत उघडली आणि तशीच सोडून चहाला गेलो. तिने त्याच मशीनवर रोजच्यासारखी चाचणी लावली. स्क्रिप्ट शेवटची खिडकी धरून, चाचणीचे समजून खरे पास रद्द करत सुटली. संध्याकाळच्या पाळीची, जव्हारकडून आलेली माणसं डबे घेऊन गेटबाहेर उभी राहिली.

साहेबांनी विचारलं, "चाचणी कोणी लावली?"

"मी," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी कीबोर्डवरची धूळ पुसत होतो. खिडकी माझी, ती ओळही माझी. मला तेव्हाच कळलं होतं. शनिवारी तिला काढलं.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. खिडकी उघडतानाच तिची खूण नोंदवायची, बटण दाबण्याआधी पत्ता ताडून पाहायचा. बस.

चार वर्षांनी मी तिच्या घरी गेलो. ती आता एका कारखान्यात पॅकिंगला होती, पाळीला निघायच्या घाईत. गळ्यात आमच्याच सॉफ्टवेअरचा पास. दारातच मी सगळं सांगून टाकलं.

"माहीत हाय, सर. मी त्याच दिवशी खिडकीचा पत्ता बघितला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलाल असं वाटलं." तिने चपला घातल्या. "आता नका बोलू. परत चौकशी लागली, माझं नाव निघालं, तर हा पास पण जाईल."

साहेबांना मी अजून सांगितलेलं नाही. तिनेच नको म्हटलं, हे कारण आता माझ्याकडे आहे.