माळवदाची माती

बायकोची बदली उदगीरला झाली तेव्हा मला निवृत्त होऊन चार महिने झाले होते, आणि घरात माझा उपयोग काय, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडायला लागला होता. ती मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होऊन निघाली होती. तिच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. माझ्याकडे वेळ होता आणि चौतीस कुंड्या होत्या.

नांदेडला आम्ही बावीस वर्षं तिसऱ्या मजल्यावर काढली. तो शेवटचा मजला, त्यामुळे स्लॅब दिवसभर तापायचा आणि बायकोला उन्हाळ्यात कधी धड झोप लागली नाही. गॅलरीत मात्र माझी बाग होती. मोगरा, जास्वंद, तुळस, मिरची, एक हट्टी लिंबू. ऑफिसातले लोक रोपं मागायला यायचे, आणि मी त्यांना दोन रोपांबरोबर चार उपदेशही द्यायचो. सामान हलवताना ट्रकवाल्याने मातीसकट कुंड्या उचलायला साफ नकार दिला. उदगीरला माती मिळत नाही काय, असं त्याने विचारलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी कुंड्या रिकाम्या केल्या, रोपांची मुळं ओल्या पोत्यात बांधली आणि देगलूरमार्गे निघालो.

उदगीरचं घर किल्ल्याकडच्या जुन्या वस्तीत होतं. ओळीने तीन खोल्या, दोन हात रुंद भिंती, खाली शहाबादी फरशी आणि वर माळवद. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : सागवानी तुळया, त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर कडुलिंबाचा पाला आणि त्याच्यावर हातभर माती. ना स्लॅब, ना पत्रा. वर जाऊन उभं राहिलं तर अंगणात उभं राहिल्यासारखं वाटतं. स्वयंपाकघरात तिसऱ्या तुळईच्या बरोबर खाली फरशीत एक दगडी वाटी बसवलेली होती, मोठ्या ओंजळीएवढी. मी म्हणालो उखळ असेल. बायको म्हणाली, एवढ्याशा उखळात काय, वेलदोडे कुटायचे? शेवटी मी तिच्यात कांदे ठेवायला लागलो.

पहिल्याच रविवारी बायको दुपारी फरशीवर चटई टाकून आडवी झाली आणि पंखा न लावता दोन तास झोपली. उठल्यावर ती बराच वेळ तुळयांकडे बघत राहिली. मग म्हणाली, रिटायर झाल्यावरही इथंच राहू. बावीस वर्षांत तिने माझ्याकडे असं काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मी लगेच हो म्हणालो. जणू घर माझंच होतं.

घर सिस्टरांचं होतं. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, गल्लीत लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. आता त्या लातूरला मुलाकडे असत. मुलाला हे घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं. घर भाड्याने देतानाच त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं :

"यंदाचा पावसाळा बघते. घर गळलं, तर पोराचं ऐकते. न्हाई गळलं, तर तुम्ही पाहिजे तेवढे दिवस ऱ्हावा."

पावसाळ्याला अजून अवकाश होता. मी बागेच्या मागे लागलो. परसात एका कोपऱ्यात पत्रे आणि काट्या टाकून झाकलेला मातीचा मोठा ढीग होता. पांढुरकी, मऊ, पिठासारखी माती. खडा म्हणून नाही. मनात म्हटलं, देव देतो तेव्हा चाळून देतो. दोन दिवसांत चौतीस कुंड्या भरल्या, ढीग निम्म्याहून खाली आला. शेजारच्या घरी देवणी गाय होती. तिचं वाळलं शेण आणून अकरा कुंड्यांत मिसळलं. बाकीच्यांना नंतर घालू म्हणून ठेवलं.

पंधरा दिवसांत तुळस गेली. मग मिरच्या. जास्वंदाची पानं कडेने जळायला लागली. मी पाणी वाढवलं, मग कमी केलं, मग सकाळऐवजी संध्याकाळी घातलं. मोबाईलवर बघून ताक घातलं, केळीची सालं घातली, चहाचा चोथा घातला. मातीवर पांढरी साय धरायला लागली. ती ताकाची असावी असं मी ठरवून टाकलं. ज्याने अख्ख्या ऑफिसला बागकाम शिकवलं त्याची बाग डोळ्यांदेखत मरत होती, आणि गल्लीतल्या बायका कुंपणावरून बघत होत्या. मला फार लाज वाटायची. कुंड्यांत जोमाने वाढली ती फक्त घोळ, आणि तीही आपली आपण आलेली. बायकोने तिची डाळ घालून भाजी केली. जेवताना म्हणाली, या भाजीला मीठ जवळजवळ लागतच नाही. मी ऐकलं आणि दुसरी भाकरी घेतली. तेव्हाच डोकं चालवलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

अक्षय तृतीया झाल्यावर सिस्टर लातूरहून आल्या. दरवर्षी मृगाच्या आधी त्या माळवद बघायला यायच्या. चहा न घेताच परसात गेल्या, पत्रे उचलले आणि थांबल्या.

"साहेब, माती कुठं गेली?"

मी कुंड्यांकडे हात केला. त्यांनी एका कुंडीतली चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली आणि बाजूला थुंकल्या.

"ही माझ्या घरावरची माती हाय," त्या म्हणाल्या. "जिच्यात काडी उगवत न्हाई, तीच माती वर घालतात. तुम्ही तिच्यात बाग लावली."

त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. मग त्यांनी बसून मला सगळं सांगितलं. ही खारी माती. पाऊस पडला की फुगते, तिच्या फटी मिटतात आणि पाणी वरच्यावर पन्हळीतून निघून जातं. चांगली काळी माती वर घातली तर गवत माजतं, त्याची मुळं आत शिरतात आणि त्याच वाटेने पाणी घरात येतं. दर उन्हाळ्यात वरची झीज भरून काढावी लागते. ही माती गावाबाहेरच्या पडक्या गढीवरून बैलगाडीने आणत. आता गढी सपाट झाली, तिथे प्लॉट पडले आणि घरं उभी राहिली. हा शेवटचा ढीग होता. त्यांनी तो आठ वर्षं पुरवून वापरला होता.

मला वाटलं, आता त्या मुलाला फोन लावतील. मी बायकोकडे बघितलं नाही. मुख्याध्यापिकेच्या नजरेला मी घरातही भितो. पण त्या दिवशी तिच्या नजरेत राग नव्हता. ती पुन्हा तुळयांकडे बघत होती, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सिस्टरांनी पदर खोचला. तीन दिवस आहे मी गल्लीत जावेकडे, म्हणाल्या, माती वर चढवू. आणि मग कुंड्यांवरून नजर फिरवून त्यांनी विचारलं, "पण साहेब, एवढं परस असताना झाडं कुंडीत कशाला कोंडलाव? जमीन हाय की."

बावीस वर्षं तिसऱ्या मजल्यावर राहिलेल्या माणसाला झाड म्हटलं की कुंडीच दिसते. पायाखाली जमीन आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस आम्ही तिघांनी काम केलं. उरलेली रोपं मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथल्या काळ्या मातीत लावली. ढिगातली उरलेली माती घमेल्याने वर चढवली, मग कुंड्या एकेक करून शिडीने वर नेल्या आणि पालथ्या घातल्या. बायको वर माती पसरत होती, सिस्टर पाणी शिंपडून लाकडी धोपटण्याने धोपटत होत्या आणि मी हमाल होतो. शेणाच्या अकरा कुंड्या मात्र सिस्टरांनी परत पाठवल्या. शेण पडलं की गवत आलंच, म्हणाल्या. त्यामुळे माती कमी पडली. दोन खोल्यांवर नीट थर बसला, स्वयंपाकघरावर पातळ. लातूरची बस धरताना त्या एवढंच म्हणाल्या, आता बघू.

जूनचे, जुलैचे पाऊस पडले आणि उघडले. घर कोरडं राहिलं. सिस्टरांचा फोन आला की मी ऐटीत सांगायचो, थेंब नाही. पण गल्लीतल्या प्रत्येकाने मला सांगून ठेवलं होतं की सरी येऊन जातात, माळवदाची परीक्षा झडीत असते.

श्रावणात झड लागली. आभाळ खाली आलं आणि जोर न करता, न थांबता पडत राहिलं. पहिला दिवस गेला. घरातली सगळी पातेली आम्ही हाताशी काढून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी बायको छत्री घेऊन शाळेत गेली आणि मी खोल्यांतून मान वर करून फिरत बसलो. मान दुखली म्हणून दुपारी कांदा चिरायला घेतला, तर कांदा ओला लागला. दुसराही ओला. मी कांदे बाजूला केले. तेवढ्यात तिसऱ्या तुळईच्या अंगावरून एक थेंब सरकत आला आणि दगडी वाटीत पडला. थोड्या वेळाने दुसरा.

वर पातळ थर होता तो इथेच. अकरा कुंड्यांचं शेण माझंच. मनात आलं, कुणाला कळणार आहे? वाटी पुसायची, कांदे परत ठेवायचे, झड उघडली की गळणंही थांबेल. लातूरहून कोण बघायला येतंय? मी फडकं हातात घेतलंसुद्धा.

बायको ओलीचिंब होऊन आली तेव्हा मी फडकं घेऊन तसाच उकिडवा बसलो होतो. तिने वर बघितलं, वाटीत बघितलं. तेवढ्यात फोन वाजला. सिस्टरच होत्या. मी बायकोकडे बघितलं.

"खरं ते सांगा," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून पदर पिळत उभी राहिली.

मी सांगितलं. सिस्टर, गळतंय. मग त्यांनी विचारलं, कुठं?

"स्वयंपाकघरात. तिसऱ्या तुळईखाली."

"खाली दगडाची वाटी हाय. तिच्यात पडायलंय का बाहेर?"

"वाटीत."

"ती वाटी त्याच्यासाठीच हाय, साहेब. घर बांधलं त्या वर्षीच तिथं गळलं. सासऱ्यानं लई उपाय केले आणि शेवटी खाली दगड बसवला. माझ्या लग्नात बी गळत होतं." त्या हसत होत्या की खोकत होत्या, कळलं नाही. "दुसरीकडं कुठं?"

मी मान वर केली. बायको एव्हाना दिवा लावून तिन्ही खोल्या फिरून आली होती. दारात उभी राहून तिने मान हलवली.

"कुठंच नाही," मी म्हणालो.

"मग ऱ्हावा की. पोराला मी सांगते."

फोन खाली ठेवायचं मला सुचेना. बायको खाली बसली, भिंतीला टेकली आणि ओल्या पदरानेच डोळे पुसले. मलाही भरून आलं होतं, पण मी कांद्यांकडे बघत राहिलो. एवढं सुटल्यासारखं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

वाटी भरत आली होती. परसात मोगरा मोरीच्या कडेला चांगला कमरेएवढा झाला होता, झडीतही त्याला कळ्या होत्या. घरातलं पहिलं पाणी त्यालाच घालावं असं मनात येऊन मी वाटीतलं पाणी तांब्यात काढायला लागलो. फोनवर सिस्टर अजून होत्याच. पाण्याचा आवाज त्यांना ऐकू गेला असावा.

"साहेब, ते पाणी झाडाला घालू नका," त्या म्हणाल्या. "मातीतून आलंय. खारं असतंय."

मी तांब्या खाली ठेवला.