जन्मखोलीतली केळी

काही वास्तू अशा असतात की त्यांच्या उंबरठ्यावर मस्तक आपोआप लवते. वटार गावातल्या त्या घरात शिरताना माझेही रोज लवत असे. दाराची चौकट बुटकी होती आणि पहिल्याच दिवशी कपाळाला टेंगूळ आल्यामुळे मी विनय शिकलो होतो.

स्वातंत्र्यानंतरची काही वर्षे मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि त्या घराची ओटीवरची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. घर एका पुढाऱ्याच्या घराण्याचे. पुढारी तुरुंगवास भोगून आता मुंबईत मोठ्या पदावर गेले होते. घर सांभाळत होती त्यांच्या थोरल्या चुलतभावाची विधवा. सारे गाव त्यांना वहिनी म्हणे, मीही म्हणे. मागची वाडी आणि माजघराला लागून असलेली बिनखिडकीची खोली, एवढ्यावर त्यांचे चाले. राजेळी केळ्यांचे घड त्या खोलीत पेंढ्यात रचायचे, मडक्यात धुरी करायची, दार शेणमातीने लिंपायचे आणि चार-पाच दिवसांनी पिकलेली केळी सोलून उन्हात सुकवायची. वहिनींच्या सुकेळ्यांना आगाशीच्या बाजारात गिऱ्हाईक थांबून राही.

एका रविवारी स्मारक समिती आली. पुढारी चांगले हयात होते, पण समितीला घाई होती. वहिनी नको नको म्हणत असताना खोलीचे लिंपलेले दार उघडले गेले. चिटणीस कंदील घेऊन आत शिरले आणि बाहेर आले ते डोळे पुसतच. धुरी आदल्याच दिवशी दिलेली होती.

"खिडकी नाही, वारा नाही, भिंती शेगडीच्या धुराने काळ्या," ते गहिवरून म्हणाले. "बाळंतिणीचीच खोली! साहेब इथंच जन्मले."

"अहो, तो केळ्यांचा धूर!" वहिनी म्हणाल्या. "भाऊजी जन्मले जूचंद्रला, आजोळी. पहिलं बाळंतपण माहेरीच करतात ना? ते इथं आले सव्वा महिन्याचे होऊन."

"तुम्ही तेव्हा इथं होता?"

"मी तेव्हा जन्मलेही नव्हते."

"मग?"

हा 'मग' बिनतोड होता. चिटणीस तेव्हा कुठे होते, हे विचारायचे मला खोलीवर परतल्यावर सुचले. खोली चार पावलांवरच होती, तरी उशीर व्हायचा तो झाला.

"जूचंद्रचं ते घर आहे का?" समितीतल्या एकाने विचारले.

"मामांनी कधीच पाडलं."

"मग तिथं पाटी लावायची कशाला?"

संगमरवरी पाटीचा मजकूर लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण माझे अक्षर चांगले होते. 'या खोलीत' ऐवजी मी 'या घराण्यात' असे लिहिले. माझ्या बंडाची मजल एवढीच. चिटणिसांनी ते खोडले, माझ्या अक्षराची तारीफ केली आणि कागद नेला. वहिनींनी पाहिले. "गुरुजी, तुम्हीसुद्धा?" असे त्या म्हणाल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी विचारले, "चहा टाकू का?"

समारंभाला पुढारी आले. खोलीला चुना लावला होता, पेंढा बाहेर फेकला होता, कोपऱ्यात कुठूनतरी आणलेला पाळणा टांगला होता. हार, भाषणे, पुन्हा हार. गर्दी जरा पांगली तेव्हा वहिनी डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे आल्या.

"भाऊजी, निदान तुम्ही तरी सांगा यांना. घड काढायला आलेत. पिकवू कुठं?"

पुढाऱ्यांनी पाळण्याकडे पाहिले, चिटणिसांकडे पाहिले. त्यांना सगळे ठाऊक होते. लहानपणी याच खोलीतली केळी चोरून मार खाल्ल्याचे त्यांनीच मला एकदा हसत सांगितले होते.

"वहिनी, जन्म झाला तेव्हा मी फारच लहान होतो हो," ते म्हणाले. "मला काय आठवणार?"

सगळे हसले. मीही हसलो, हे लिहून ठेवले पाहिजे.

त्या मोसमात वहिनींनी निजायच्या खोलीत घड रचून पाहिले. खिडकीला गोणपाट लावले, तरी धूर राहीना. अर्धी केळी कच्ची राहिली, अर्धी सडली. पुढे त्या कच्चेच घड दलालाला देऊ लागल्या. स्मारक पाहायला कोणी आलेच, तर त्या पदराला हात पुसत येतात आणि खोली बाहेरूनच दाखवतात. तिला कुलूप असते. किल्ली चिटणिसांकडे असते आणि चिटणीस गिरगावात राहतात.