झेंडूच्या हाराचा दोरा

मलकपेठच्या रुग्णालयात डॉक्टरांनी माझ्या डाव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करायला सांगितली. अनामिका आणि करंगळी हलली नाहीत.

"एक्स्टेन्सर टेंडन कट गए," त्या म्हणाल्या. टेंडन म्हणजे कंडरा; स्नायूने ओढली की ती बोट सरळ करते. मी डावखुरा आहे. तीस वर्षं वर्तमानपत्रात याच हाताने इतरांच्या चुका दुरुस्त केल्या.

तासाभरापूर्वी नल्लकुंट्यातल्या घराच्या अंगणात मी कडुलिंबाची वाळलेली फांदी चेनसॉने, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीने, कापत होतो. करवतीच्या पात्याचं टोक मागच्या फांदीला लागलं आणि मशीन उसळलं. डावा हात मुठीवरून सुटून फिरत्या साखळीवर गेला. अशा वेळी मुठीपुढची संरक्षक ढाल मनगटाच्या धक्क्याने पुढे ढकलली जाते आणि ब्रेक लागतो. तो लागला नाही.

दाखल होताना फॉर्मवर कारण विचारलं होतं. मी सांगितलं, बायकोने लिहिलं : मशीनमध्ये दोष.

त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी घरी आलो. हात स्प्लिंटमध्ये, म्हणजे बोटं हलू न देणाऱ्या पट्टीत होता. उजव्या हाताच्या एका बोटाने मी कंपनीला तक्रार टाइप केली. भाषा कडक होती.

पुढच्या आठवड्यात कुकटपल्लीहून यादगिरी नावाचा मेकॅनिक आला. चेनसॉ उलटसुलट पाहून त्याने ढालीखाली बोट घातलं.

"साब, ये किसने बांधा?"

ढाल आणि मूठ नायलॉनच्या दोऱ्याने करकचून बांधलेली होती. दसऱ्याला अवजारांच्या पूजेत मीच चेनसॉला झेंडूचा हार बांधला होता. फुलं सुकल्यावर बायकोने ती काढली. दोरा कापू का, असं तिने विचारलं तेव्हा "पूजेचा आहे, राहू दे," असं मीच म्हणालो होतो.

"ब्रेक अच्छा है साब," यादगिरी म्हणाला. "तुमीच उसके हाथ बांध दिए." दोरा कापून त्याने मशीन सुरू केलं आणि ढाल ढकलली. साखळी जागच्या जागी थांबली.

सहा आठवड्यांनी पट्टी निघाली. मग फिजिओथेरपी. अनामिका सरळ होते. करंगळी अर्धी वाकलेलीच राहते. "इतना बचा, शुक्र करो," असं डॉक्टर म्हणाल्या. करतो. त्यांचे आभार मानताना मला फॉर्मवरची ती ओळ आठवते. ती मी दुरुस्त केलेली नाही.

ज्यांच्याकडे चेनसॉ आहे त्यांनी सुरू केल्यावर आधी ढाल ढकलून साखळी थांबते का ते पाहावं. पात्याचं टोक कशालाही लागू देऊ नये. मशीनवर काहीही बांधू नये, पूजेचंसुद्धा.

यंदाच्या दसऱ्याला बायकोने चेनसॉला कुंकू लावलं आणि हार हातात घेऊन थांबली. मी भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं.

"देवावर राग धरलाय का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "गाठ देवाने मारली नव्हती."