सुगराबाईंचं एकच खोटं

सुगराबाई आयुष्यात एकदाच खोटं बोलल्या, आणि त्या खोट्याचा फ्रॉक मी शिवला. मी म्हणजे काशम्मा. चाटी गल्लीच्या मागच्या बोळात शिलाईचं मशीन घेऊन बसते. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची माझी सवय जन्माची, ती मी काही लपवत नाही.

सुगराबाई माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. बोहरी कुटुंब, मालकांचं कुलपं-कड्यांचं दुकान. बाईंची तिशी नुकतीच उलटलेली, घागरा-ओढणी कडक इस्त्रीची, बोलणं लई मऊ. पदरात एकच मुलगी, अरवा. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची, म्हणजे अरवाला सात पूर्ण झाली तेव्हाची.

मला त्या बाईचं कोडंच पडलेलं होतं. कुडतीचं माप घ्यायला मी टेप घेऊन मागं गेले, की बाई भिंतीला पाठ लावून उभ्या. म्हणायच्या, पुढूनच घ्या. आता पाठीचं माप पुढून कसं घ्यायचं, सांगा की. कुणी बाईनं प्रेमानं हात धरला तर हळूच सोडवून घ्यायच्या. एखादी म्हातारी लाडात बोलायला लागली की यांचा चेहरा पांढराफटक. आधी मला वाटलं, शिष्ट दिसते. पण शिष्ट माणूस असा भिंतीला चिकटत नाही. चार वर्षं मी डोकं खाजवत होते.

त्या जानेवारीत गड्डा, म्हणजे आमच्या गावची जत्रा, भरला होता. अरवा माझ्या मशीनशेजारी चिंध्या वेचत बसलेली. मी सहज म्हटलं, "चल गं, तुला गड्ड्यावर नेते, कुल्फी देते." एवढंच बोलले. सुगराबाई जिन्यात होत्या. त्या धावतच आल्या आणि पोरीला अशी ओढली की तिची बांगडी फुटली. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काशम्मा, तुम्हीपण?"

मला असा संताप आला म्हणता. चार वर्षांचा शेजार, आणि मी काय पोर पळवून नेणार होते काय? मी तोंडाचा पट्टा सोडला. त्या ऐकत राहिल्या, आणि ऐकता ऐकता माझ्या फरशीवर मटकन बसल्या. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी अरवाला वडलांच्या दुकानात पाठवलं आणि दार लोटलं.

मग त्यांनी सांगितलं. त्या सात वर्षांच्या असताना मावशीनं कुल्फी द्यायची म्हणून बाहेर नेलं होतं. नेलं ते एका अनोळखी घरात. आतल्या खोलीत आई आधीच बसलेली. आईला बघून या खुशीत पुढं गेल्या. आईनंच हात धरले, आणि एका म्हातारीनं ब्लेडनं कापलं. जिथं कुणाला हात लावू द्यायचा नाही म्हणून आई शिकवते, तिथलंच. सात वर्षांच्या मुलींना त्यांच्यात तसं करायची चाल होती. झाल्यावर नवे कपडे, गोड खाऊ, आणि कुणाजवळ बोलायचं नाही अशी ताकीद. तशी ही माणसं मुलींना जपणारी, शाळेत घालणारी. म्हणून तर मला ते कळेना.

मी गप्प बसायला हवं होतं, पण माझा स्वभाव. विचारलंच, अजून दुखतं का.

त्या म्हणाल्या, "दुखणं आठ दिवसांत गेलं. पण आईनं जवळ घेतलं की मी दार कुठं आहे ते बघायची. ती मरेपर्यंत बघत होते."

एकदा बोलायला लागल्यावर मग थांबेनात. मालक चांगला माणूस, पण ते जवळ आले की अंग लाकडासारखं होतं, आणि त्यांना वाटतं बायकोचं आपल्यावर मन नाही. बाळंतपणात नर्सनं हात धरून ठेवले तर तिला चावल्या. मुलगी झाली म्हटल्यावर हमसून हमसून रडल्या, तर लोकांना वाटलं मुलगा पाहिजे होता. आणि आता पुण्याहून सासूचं पत्र आलं होतं. अरवाला सात झाली, मी येऊन सगळं उरकते.

मी म्हटलं, नाही म्हणा की सरळ. त्या म्हणाल्या, नाही म्हटलं तर मी बाजारात गेल्यावर करतील. त्यापेक्षा झालंय म्हणून सांगते. हैदराबादची एक बाई पुण्याला जाताना इथं उतरली होती, तिनं केलं म्हणते. कुणी तपासायला येणार नाही, कारण या गोष्टीचं कुणी नावच काढत नाही. फक्त मुलीच्या अंगावर नवे कपडे दिसले पाहिजेत.

मग काय, मी बसले मशीनवर. हिरवं साटीन, कडेला गोटा, खाली भरपूर घेर. अरवाला तिच्या आईनं शिकवून ठेवलं, आजी आली की हळू चालायचं, काही विचारलं तर मान खाली घालायची. पोरीला तो खेळच वाटला.

सासूबाई सकाळच्या गाडीनं आल्या. जाड भिंगाचा चष्मा, हातात तसबी. सुगराबाईंनी खाली मानेनं सांगितलं, परवाच झालं. म्हातारी बरं म्हणाली. मी फ्रॉक घेऊन वर गेले, अरवाला घातला, आणि इथं माती खाल्ली. लहान पोरीला कपडा चढवला की मी म्हणतेच, फिर बघू, घेर बघू दे. वीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. अरवानं दोन गिरक्या घेतल्या, खिदळली, आणि वडलांना दाखवायला दोन दोन पायऱ्या उड्या मारत जिना उतरली.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सुगराबाई मागं सरकत सरकत भिंतीला टेकल्या. आठ दिवसांची सगळी धडपड माझ्या जिभेनं मातीत घातली होती. म्हातारी जिन्याकडं बघत बसली. तसबीचे मणी थांबले होते.

"परवा झालं म्हणालीस?"

सुगराबाईंनी मान हलवली. म्हातारीनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला. ती गुजरातीत बोलली, पण शेजारामुळं मला तेवढं कळत होतं. "मग तिला आठ दिवस पळू देऊ नको. खाली आपल्यातल्या बायका असतात, बघतील."

पुन्हा मणी सरकायला लागले. त्या विषयावर त्या घरात त्यानंतर कुणी बोललं नाही. मी मेली इतकी चौकस, पण म्हातारीला काही विचारायचं धाडस मला झालं नाही.

नवव्या दिवशी, गड्डा उठायच्या आत, आम्ही चौघी गेलो. अरवानं दोन कुल्फ्या खाल्ल्या, सासूबाईंनी एक. सुगराबाईंनी घेतली खरी, पण नुसती धरून उभ्या. कुल्फी वितळून कोपरापर्यंत ओघळली. मी म्हटलं, अहो, खा की.

त्या म्हणाल्या, "आधी तिला खाताना बघू द्या."